परसातली अडगळ

"गेलं! धाकू, आणखी एक गेलं!"

पोशादादाचा आवाज मागच्या ओट्यावरून आला, तेव्हा मी मोरीत तोंड धूत होतो. तसाच ओल्या तोंडाने परसात धावलो. कोंबडी पंख फुगवून गोल गोल फिरत होती आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होती. पिल्लं वाट फुटेल तिकडे पळत होती. एक मोरीच्या पाण्यात पडलं होतं. रामफळाच्या फांदीवरून शिकरा उठला. त्याच्या पायात पिवळं काहीतरी लोंबत होतं आणि अजून हलत होतं. कुंपणावरून तो खाडीच्या बाजूला गेला.

माझ्या हातात तांब्या होता, तोच मी फेकला. तांब्या कुंपणापलीकडे मथुरावहिनीच्या वाडीत जाऊन पडला.

"तांब्या फेकून शिकरा पडतो होय?" दादा म्हणाला.

"तू इथे बसला होतास ना? मग हाकललं का नाही?"

"चहा पीत होतो."

पोशादादा माझा थोरला भाऊ. आमची घरं एकाला एक लागून, मधे फक्त बोळ. माझी बायको चांगुणा जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता, आणि दादा रोज माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. मला सोबत म्हणून, असं तो सगळ्यांना सांगायचा.

याला आता बारा वर्षं झाली. पण त्या चहाच्या कपाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी आयुष्य बोटीवर काढलं. आधी खलाशी, मग तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. एकदा बोट बंदरातून सुटली की आठ-आठ दिवस घर दिसायचं नाही. घर चांगुणाचं होतं आणि परस तर तिचंच. कोंबड्या तिच्या, अंडी तिची, अंडी विकून येईल ते तिचं. त्यात मी कधी लक्ष घातलं नाही आणि तिनेही कधी घालू दिलं नाही.

तिला ताप आला त्याच्या आदल्या दिवशी तिने एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. दुसऱ्या दिवशी तिला उठता येईना. तालुक्याला दवाखान्यात नेलं. तिथे खाटेवर पडल्या पडल्या ती मला विचारायची, "पाणी ठेवलंत का तिच्यापुढे? ती अंडी सोडून उठायची नाय हो, तहानेने मरेल."

मी म्हणायचो, "ठेवलं."

"आणि कणी?"

"ठेवली. तू झोप."

आठवडाभरात ती गेली. बारावा झाला, मांडव उतरला, मुलगी सासरी परत गेली. मग एका सकाळी खुराड्यातून पिय पिय ऐकू आलं. मी वाकून पाहिलं, तर कोंबडीच्या पोटाखालून डोकी बाहेर येत होती. चांगुणाच्या हाताने ठेवलेलं एक अंडंही वाया गेलं नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.

तीच पिल्लं हा शिकरा रोज एकेक करून नेत होता.

मी राखण सुरू केली. सकाळी कोंबडी सोडायची आणि काठी घेऊन परसात बसायचं. परस चांगलं मोठं आणि स्वच्छ होतं, कडेचं रामफळ सोडलं तर कुठे झाडझुडूप नाही, या भिंतीपासून त्या कुंपणापर्यंत सारवल्यासारखं मोकळं. मला वाटायचं, एवढ्या मोकळ्यात तो आला तर लांबूनच दिसेल. मी आभाळाकडे बघत बसायचो. पण शिकरा आभाळातून येतच नाही. तो झाडातून निघतो, जमिनीला घासत येतो, आणि तुम्ही मान वळवेपर्यंत काम उरकून निघून जातो. काठी उचलेस्तोवर फक्त कोंबडीचा आकांत उरायचा.

दोन दिवस पिल्लं डालग्याखाली झाकून ठेवली. पण कोंबडी आतून डालग्याला धडका मारायला लागली, आणि पिल्लं मान टाकून बसायला लागली. त्यांना ऊन लागतं, माती उकरायला लागते. कोंडून ठेवलेलं पिल्लू वाढत नाही, एवढं मलाही कळलं. पुन्हा सोडली. त्याच दुपारी आणखी एक गेलं.

"अशाने एक उरायचं नाय," दादा म्हणाला. "माझं ऐक. आता एखादं पिल्लू मेलं तर त्याच्या पोटात उंदराचं औषध भरू. ठेवू त्या रामफळाखाली. खाईल आणि मरेल."

"आणि कावळ्याने खाल्लं तर?"

"कावळा मरेल. कावळे काय कमी हायत?"

"मथुरावहिनीच्या मांजराने खाल्लं तर?"

"मग मांजर मरेल. तू काय सगळ्या गावाचा मक्ता घेतलायस?"

"दादा, वनखात्याच्या मॅडम मागे मच्छीमार सोसायटीत आल्या होत्या तेव्हा काय म्हणाल्या? कासवाला जो कायदा तोच शिकऱ्याला आणि घारीला. मारलं तर तुरुंग."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

तो हसला. "तुझी बायको गेली, पिल्लं चाललीत, आणि तुला शिकऱ्याची काळजी. धन्य आहेस बाबा."

शिकऱ्याची काळजी मला मुळीच नव्हती. तेव्हा तो हाताला लागला असता तर मी त्याची मान पिरगळली असती, कायदा गेला खड्ड्यात. पण चांगुणाने उबवायला ठेवलेल्या अंड्यातल्या पिल्लाच्या पोटात विष भरायचं, हे माझ्याने ऐकवत नव्हतं. ते मी दादाला सांगितलं नाही. सांगून त्याला कळलं नसतं.

"मग विकून टाक कोंबड्या," तो म्हणाला. "एकट्या माणसाला हव्यात कशाला? जेवायला आमच्याकडे येतोसच. आणि एवढं परस मोकळं पडलंय. दोन खोल्या सहज बसतील. मुंबईची माणसं हल्ली समुद्र बघायला येतात, भाड्याने देता येतील."

मग तो उठला आणि भिंतीपासून कुंपणापर्यंत ढांगा टाकत गेला. परत येताना ओठ हलत होते. मी बघत राहिलो. बायकोचा बारावा होऊन किती दिवस झाले होते!

"दादा, खाली बस," मी म्हणालो.

"मी आपलं सांगितलं. तुझ्या भल्याचं."

संध्याकाळी मात्र तो खांद्यावर जाळं टाकून आला. आणि मला बरं वाटलं, हे खरं आहे. म्हटलं, भाऊ शेवटी भाऊच.

"हे बांधू परसावर," तो म्हणाला. "वरून झाकलं की शिकरा आत येतो कसा ते बघू."

तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याचं जाळं होतं, सुरमईचं, दोनच मोसम वापरलेलं. आम्ही दोघांनी बांबू ठोकले आणि ते ताणून बांधलं, वरून आणि रामफळाच्या अंगाने खालपर्यंत. जन्मभर जाळी ओढलेली माणसं आम्ही, हात आपोआप चालत होते. अंधार पडायच्या आत काम झालं. लांबून बघितलं तर काही बांधलंय असं वाटतच नव्हतं.

"दिसतसुद्धा नाय," मी म्हणालो.

"तेच तर," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्यात एक दयाळ लटकत होता. मेला होता. रोज सकाळी कुंपणावर बसून ओरडायचा तोच असावा. मी तो सोडवला आणि पुरला. दादाला म्हटलं, "हे बरं नाय झालं." तो म्हणाला, "एखादं पाखरू जायचंच. पिल्लं मोजून बघ." पिल्लं होती तेवढीच होती. ती मोकळी फिरत होती, कोंबडी निवांत उकरत होती. मग मीही गप्प बसलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शिकरा सापडला.

मी चुलीवर चहा ठेवला होता. परसात काहीतरी जोरात आपटल्यासारखा आवाज झाला आणि मग चिरकं ओरडणं, थांबेचना. बाहेर आलो तर शिकरा जाळ्यात, जमिनीपासून माझ्या छातीएवढ्या उंचीवर. एक पंख जाळ्याच्या दोन घरांतून आरपार गेला होता, मान तिसऱ्यात. जितका झटके देत होता तितका आवळत होता. सुरमई असंच करते. पाण्यात माशाला तंगूस दिसत नाही, म्हणून तर आम्ही ते वापरतो. ते हवेतही दिसत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या तांडेलाच्या डोक्यात आली नव्हती. मी समजत होतो आपण छप्पर बांधलंय. बांधलं होतं ते मासे मारायचं जाळंच.

दादा बोळातून धावत आला, आणि आधी टाळी वाजवली.

"सापडला की नाय! मला ठाऊकच होतं. म्हणून तर तंगुसाचं आणलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? डोलीचं जाड, काळं जाळं टांगलं असतं तर त्याला दिसलं असतं आणि तो लांबूनच फिरला असता. मग सापडला कसा असता?"

 तेवढ्यात आजूबाजूची दहा-बारा माणसं कुंपणाशी जमली. कुणी मोबाईल काढले. एकाने काटकी घेऊन शिकऱ्याच्या पोटाला टोचलं, तो कसा चोच उघडतो ते बघायला. माणसं हसली. शिकऱ्याचे डोळे पिवळेजर्द होते आणि चोच उघडी, आतली जीभ दिसत होती.

"धाकू, घे काठी," दादा म्हणाला. "तुझ्या हाताने होऊ दे. मग बांबूवर उलटा टांगू. पुन्हा एक शिकरा इकडे फिरकायचा नाय."

मी काठी घेतली. खोटं कशाला लिहू? गेलेलं एकेक पिल्लू माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी हात वर केला.

"अरे थांब! थांब रे मेल्या!"

मथुरावहिनी. कुंपणाच्या फटीतून आडवी होऊन आत घुसत होती, लुगडं काट्यात अडकलेलं. आमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी, गावात कुणालाही मेल्या म्हणायचा तिला हक्क होता. ती आली आणि तिने माझ्या हातातली काठी ओढून घेतली.

"हा चांगूचा भाडेकरू," ती म्हणाली.

"काय?"

"भाडेकरू. चांगू त्याला तेच म्हणायची. म्हणायची, 'मथुरावैनी, हा रामफळावरचा भाडेकरू भाडं देत नाय तो नाय, वर माझ्या सैपाकघरात डोकावतो.' पाच वर्षं झाली असतील, हा इथेच बसतो. त्या वरच्या फांदीवर घरटं पण घातलं होतं गेल्या साली."

"पाच वर्षं?" मी म्हणालो. "आणि तेव्हा पिल्लं नेली नाहीत?"

"न्यायचा की. वर्षाकाठी एखादं. जे पिल्लू शहाणपणा करून लांब जाईल ते. चांगू दोन शिव्या घालायची आणि विसरायची."

"मग आता रोज कसं नेतो?"

"आता काय, तुम्ही लोकांनी त्याला अंगण सारवून दिलंत."

दादा मधेच म्हणाला, "वैनी, तू घरी जा. ही पुरुषांची कामं आहेत."

"पुरुषांची कामं बघितली मी," ती म्हणाली. मग माझ्या दंडाला धरून तिने मला परसाच्या मधोमध नेलं. "हितं काय होतं सांग."

मला आठवेना. मी परसात येऊन कधी उभा राहिलो होतो?

"हितं करवंदाचं झुडूप होतं. लावलेलं नाय, आपोआप आलेलं, पण तिने तोडू दिलं नाय. तिकडे अबोलीची रांग. हितं तुझ्या फुटक्या होडीचा तुकडा दगडावर पालथा घातलेला. त्या तिथे फुटक्या टोपल्या, एका अंगाने भोक पाडलेल्या. पिल्लू आत जाईल, शिकरा जाणार नाय. आणि वरती, या भिंतीपासून रामफळापर्यंत, तुमचं डोलीचं जुनं जाळं, काळं, जाडजूड. ते बघूनच हा खाली उतरायचा नाय. कोंबडा ओरडला की सगळी पिल्लं दोन उड्यांत कशाच्या ना कशाच्या खाली. मी म्हणायची, चांगू, किती पसारा हा. ती म्हणायची, 'वैनी, त्याला पोट हाय आणि मला कोंबड्या हायत. त्याला मारून काय होईल? दुसरा येईल. त्याला धाव घ्यायला जागाच ठेवायची नाय.'"

कुंपणाशी आता कुणी हसत नव्हतं.

"मग ते सगळं गेलं कुठे?" मी विचारलं. मी मथुरावहिनीला विचारलं, पण तिने दादाकडे पाहिलं.

"मला काय बघतेस?" दादा म्हणाला. "बाराव्याला शंभर माणसं यायची होती. मांडवाला जागा नको?"

"मांडव पुढच्या अंगणात होता," मथुरावहिनी म्हणाली.

"जेवणाची चूल मागे होती!"

"एका चुलीला एवढं परस?"

"अगं, अडगळ होती ती. फुटक्या टोपल्या, काटे, सडकी होडी. येणारीजाणारी माणसं काय म्हणाली असती? मी चार माणसं लावून साफ करून घेतलं. धाकू तर आत तोंड झाकून पडला होता. कुणीतरी करायलाच हवं होतं."

मी आत पडून होतो, हे खरं. कोयत्याचे आवाज मला ऐकू येत होते. मला वाटलं होतं लाकडं फोडतायत.

"जाळं कुठाय?" मी विचारलं.

"कुठलं जाळं?"

"डोलीचं. तिने टांगलेलं."

दादाने कुंपणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "जाळलं."

"जाळलं?"

"तिचं अंथरूण जाळायचं होतं, त्यातच टाकलं सगळं. टोपल्या, जाळं, झुडपं. अंथरूण जाळायची पद्धतच आहे ना!"

मला आजही त्या वेळची माझी अवस्था नीट सांगता येत नाही. माणूस मेलं की त्याचं अंथरूण जाळतात, ते मला मान्य होतं. पण ही तिने जगवण्यासाठी केलेली मांडणी होती. परसात काहीच पडलेलं नव्हतं, सगळं ठेवलेलं होतं. आणि ते या माणसाने कुणाला न विचारता तिच्या चादरीबरोबर पेटवून दिलं. मग परसात ढांगा मोजल्या. मग पिल्लं जाऊ लागली तेव्हा चहा पीत बसला आणि शिकऱ्याच्या जिवावर उठला. आणि त्याच्या नादाने मी काठी उगारली होती.

मी घरात गेलो आणि मासे कापायची सुरी घेऊन आलो. दादा दोन पावलं मागे सरकला. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक.

"वैनी, कापड दे," मी म्हणालो.

तिने डोक्यावरचा पंचा काढून दिला. मी तो शिकऱ्याच्या डोक्यावर टाकला. अंधार झाला तसा तो शांत झाला.

"धाकू, सुरी लावू नको हां," दादा ओरडला. "चांगलं जाळं आहे ते. गाठी सोडव, वेळ लागू दे."

"गाठी सोडवेपर्यंत तो पंख मोडून घेईल."

"मोडू दे! मारायचाच आहे ना!"

"जाळ्यात कासव आलं तर तू काय करतोस?"

"कासवाची गोष्ट वेगळी. कासव देव आहे."

"मागच्या मोसमात तू चिडत चिडत जाळं कापलंस. देव म्हणून नाय, मॅडम धक्क्यावर उभ्या होत्या म्हणून. आज मी उभा आहे असं समज."

"पाखरासाठी भावाचं नुकसान करतोस? लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनी मोबाईल काढलेच आहेत. त्यात बोल, मी याला मारणार आहे म्हणून. मॅडमना मी स्वतः पाठवतो."

कुंपणावरचे मोबाईल एकेक करून खाली गेले.

मी जाळं कापलं. आधी मानेपाशी, मग पंखाच्या मुळाशी. तंगूस पिसांत रुतलं होतं, एकेक धागा बोटाने ओढून काढावा लागला. मथुरावहिनीने पंचा धरला होता आणि ती त्याच्याशी बोलत होती, "गप रे, गप. मुकाट राहा. तुझी घरवाली काय म्हणेल?" शेवटचा पाय सुटला तसा त्याने माझा तळहात धरला. नखं आत गेली. मी हात सोडवला नाही. त्याला माझ्याशी भांडायचा हक्क होता.

पंचा काढला. तो जमिनीवर बसला, पंख अर्धे पसरून, चोच उघडी ठेवून. सगळे लांब झाले. मग तो उडाला. रामफळावर गेला नाही, थेट खाडीकडे गेला, उडताना थोडा एका अंगाला कलत होता.

"गेला," दादा म्हणाला. "उद्या येईल आणि उरलेली नेईल. मग रडत माझ्याकडे येऊ नको."

"नाय येणार," मी म्हणालो. "आणि तूही येऊ नको. तुझं जाळं घे आणि जा. सोबत नको मला."

"बायको गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाय."

"ती होती तोवर तू तिच्या परसात पाऊल टाकलं नव्हतंस. तुला ठाऊक होतं, ती टाकू देणार नाय. ती गेल्याची वाट बघितलीस."

हे मी सगळ्यांसमोर बोललो. त्याने फाटलेलं जाळं गोळा केलं, खांद्यावर टाकलं आणि बोळातून गेला. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्या दुपारी मी धक्क्यावर गेलो. डोलीची टाकून दिलेली जाळी तिथे ढिगाने पडलेली असतात. जो तांडेल भेटला त्याच्याकडे एक जाळं मागितलं, त्याने हसून म्हटलं, "ने की, दोन ने." ते मी खांद्यावरून आणलं. मथुरावहिनी कुंपणाशी खुर्ची टाकून बसली आणि तिने मला सांगायला सुरुवात केली.

"वर नको ताणू. सैल सोड, झोळीसारखं. ताणलं की त्यावर बसतो तो."

"असं?"

"अजून. चांगू पाटावर उभी राहून बांधायची. तू उंच आहेस, तुझं वर जातंय. खाली घे."

मी खाली घेतलं. चांगुणाच्या हाताच्या उंचीला.

"टोपली तिकडे नको. दोन टोपल्यांत पिल्लाची एक धाव, त्याच्यापेक्षा जास्त नाय. मधे उघडं दिसलं की ते भाडेकरूचं."

करवंदाचं मूळ जमिनीत शिल्लक होतं, पाणी घातल्यावर त्याला पालवी फुटली. तोवर मी झावळ्या टेकवून ठेवल्या. कणी उघड्यावर टाकायची नाही, जाळ्याखालीच टाकायची, हे शिकलो. कोंबड्याचं ओरडणं ओळखायला शिकलो. घार वर असली की तो वेगळं ओरडतो, शिकरा झाडात असला की वेगळं.

शिकरा परत आला. सकाळीच येऊन रामफळावर बसला. मी ओट्यावर बसून बघत होतो, हातात काठी नव्हती. त्याने मान इकडे केली, तिकडे केली. एकदा फांदीवरून खाली झेप घेतली, पण काळं जाळं दिसल्यावर हवेतच वळला. पिल्लं तोवर टोपल्यांत गेली होती. बऱ्याच वेळाने तो उठला आणि समोरच्या शेतावर जाऊन एक सरडा धरला. पाच पिल्लं उरली होती, ती पाचही मोठी झाली. आज माझ्या परसात फिरतात त्या सगळ्या कोंबड्या त्यांच्याच वंशातल्या.

दादाने पुढे स्वतःच्या परसात खोल्या बांधल्या. आता त्याच्याकडे मुंबईची, पुण्याची माणसं येतात. आमचं बोलणं सुरू झालंय, सणासुदीला जेवतोही एकत्र. पण परवा संध्याकाळी काय झालं ते सांगून संपवतो.

मी जाळ्याखाली कणी टाकत होतो. बोळात दादा दोन पाहुण्यांना घेऊन उभा होता. त्यातल्या बाई म्हणाल्या, "काका, यांच्याकडे एवढा पसारा का आहे? बाकी सगळं किती नीट आहे इथे."

"पसारा नाही मॅडम," दादा म्हणाला. "मुद्दाम ठेवलंय. शिकरा येतो ना, त्याच्यापासून कोंबड्या वाचवायला. मारायचं नाही, काही नाही. बघा, ते जाळंसुद्धा दिसेल असंच बांधायचं असतं. आमच्या घराण्याची जुनी पद्धत आहे ही."

"किती छान!" त्या म्हणाल्या, आणि फोटो काढायला लागल्या.

मी कणीची वाटी खाली ठेवली आणि कुंपणाशी गेलो.

"बाई," मी म्हणालो, "घराण्याची नाही. चांगुणा धाकू नाखवा, माझी बायको. तिची पद्धत आहे. फोटो कुठे टाकाल तिथे तेवढं नाव लिहा."

दादा खाली बघत उभा राहिला.

"सांग की त्यांना," मी म्हणालो. "तूच सांग. कोणाची ते."

त्याने घसा खाकरला. पाहुणे थांबले होते. मीही थांबलो होतो, आणि त्याने नाव घेईपर्यंत तिथून हलणार नव्हतो.

"चांगुणाची," दादा म्हणाला.